संकटकाळचा दिवा आणि अमावास्येची चाचणी

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरणीपूर्वी तपासून घ्यावे, ही गोष्ट मराठवाड्यातील शेतकऱ्यास आता नव्याने सांगावी लागत नाही. शंभर दाणे मोजावयाचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, सहा-सात दिवसांनी कोंब मोजावयाचे आणि सत्तरांहून कमी भरले तर त्या बियाण्याविषयी फेरविचार करावयाचा. २०२० च्या खरीप हंगामात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. तेव्हापासून या साध्या परीक्षेचे महत्त्व अधिकच पटले आहे. दाणा टपोरा दिसतो, रंगाने पिवळाधमक असतो. पण तो उगवेल की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते उगवून पाहिल्यावरच कळते.

गावच्या सार्वजनिक इमारतींत बसविलेल्या संकटकालीन दिव्यांची गोष्ट याहून निराळी नाही. वीज गेली की बॅटरीच्या बळावर आपोआप लागणारा, भिंतीवरचा तो पांढरा दिवा (गावात त्यास सरळ ‘इमर्जन्सी लाईट’ म्हणतात) प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो, आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतो, कोठे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात वा सोसायटीच्या गोदामातही असतो. तो स्वच्छ दिसतो. त्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपकाही लुकलुकत असतो. तथापि संकटाच्या रात्री तो उजळेल काय, आणि उजळला तर किती वेळ टिकेल, हे त्याच्या बाह्य रूपावरून कोणालाही सांगता येणार नाही. बियाण्याची उगवणशक्ती पाहणारा शेतकरी दिव्याची ‘उगवणशक्ती’ मात्र पाहत नाही; आणि ज्यांच्या ताब्यात तो दिवा आहे, तेही पाहत नाहीत.

किनवट तालुक्यात हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. हा प्रदेश पैनगंगेच्या काठचा, साग-मोहाच्या रानाचा. गोंड, कोलाम, आंध, परधान या समाजांच्या वस्त्या डोंगरकुशीत विखुरलेल्या आहेत. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. तेलंगणातील आदिलाबाद त्याहून बरेच जवळ. विजेच्या तारा रानातून येतात. पावसाळी वाऱ्यात एखादे झाड तारेवर कोसळले, अथवा डीपी जळाली, तर बिघाड शोधण्यासच लाईनमनला चिखलातून मैलोगणती चालावे लागते. शहरात वीज गेली तर ती घटकाभराने येते. रानातल्या गावी ती रात्रभर येत नाही. आणि नेमक्या याच गावांतून शेकडो मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत निजतात, याच गावांतील स्त्रिया रात्री-अपरात्री आरोग्य केंद्रात बाळंतपणासाठी येतात.

संकटे कार्यालयीन वेळ पाळीत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षास आग लागली ती मध्यरात्र उलटल्यानंतर. त्या कक्षातील सात बालके वाचविता आली, दहा दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांची कारणे अनेक होती आणि केवळ दिव्यांच्या तपासणीने त्या टळल्या असत्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आग म्हणजे प्रथम धूर, आणि धूर म्हणजे भर दिवसाही काळोख. अशा काळोखात दरवाजा कोठे आहे हे ज्याला दिसते तोच स्वतः वाचतो आणि दुसऱ्यास वाचवितो. वसतिगृहातील आठ-नऊ वर्षांचे मूल झोपेतून दचकून उठते तेव्हा त्यास दिशा सुचत नाही; ते उजेडाकडे धावते. तेथे उजेड नसेल तर ते खाटेखाली दडते.

आग आणि भूकंप हे नित्याचे नव्हेत, हेही खरे. परंतु किनवटच्या रानात मण्यार नित्याची आहे, आणि ती जमिनीवर निजलेल्या माणसास रात्रीच दंश करते. जुलै २०२३ मध्ये पैनगंगेच्या पुराचे पाणी किनवट शहराच्या सखल वस्तीत शिरले. अशा वेळी घर सोडून आलेल्या कुटुंबांस शाळेच्या खोल्या हाच आसरा असतो. ज्या खोलीत दिवसा वर्ग भरतो तीच रात्री निवाऱ्याची जागा होते, आणि त्या रात्री वीज नसते हे धरूनच चालावे लागते.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २००५ ते २०१२ या भारनियमनाच्या काळात मराठवाड्यातील गावे दररोज कित्येक तास अंधारात असत. त्या काळी बॅटरीचा दिवा दिवसाआड नव्हे, रोज लागे. बिघडला तर त्याच सायंकाळी कळे, आणि दुसऱ्या दिवशी तो दुरुस्तीस जाई. दिव्याची चाचणी भारनियमनच करीत असे. पुढे गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरांपासून वेगळे झाले, घरगुती पुरवठा पुष्कळच सुधारला, ही निःसंशय आनंदाची गोष्ट. परंतु वीज टिकू लागली आणि दिव्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. वीज जितकी भरवशाची, तितका तिच्या पाठीमागचा दिवा बेभरवशाचा, अशी ही उलटी स्थिती आहे. याउलट, शेतीपंपाचा पुरवठा ज्यास अजून रात्रपाळीने मिळतो तो शेतकरी पाणी द्यावयास निघण्यापूर्वी अंगणातच हातातली बॅटरी लावून पाहतो. त्यास ते कोणत्या परिपत्रकाने शिकविलेले नाही. बांधावरच्या सापाने शिकविले आहे.

कंदिलाच्या काळीही हीच शिस्त होती. दिवेलागणीपूर्वी काच राखेने पुसावयाची, वात कातरावयाची, तेल पाहावयाचे. हे काम घरातील एखाद्या मुलीकडे वा सुनेकडे ठरलेले असे. कंदील न पेटल्याचा दोष कोणाकडे जाईल हे साऱ्या घरास ठाऊक असे. आजच्या दिव्यास काच पुसावी लागत नाही, आणि म्हणूनच तो कोणाचाच राहिलेला नाही. तो जडसंग्रह नोंदवहीत मात्र असतो. लेखापरीक्षणाच्या वेळी दिवा जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते. तो लागतो की नाही हे पाहिले जात नाही. खरेदीसाठी अनुदान येते, बसविताना नारळ फुटतो, देयक मंजूर होते. तीन वर्षांनी त्याच दिव्यास नवी बॅटरी हवी असते तेव्हा तिच्यासाठी कोणतेही शीर्ष सापडत नाही. सारा दोष या एका जागी आहे. आणखी दिवे मागण्यापूर्वी असलेले दिवे जिवंत ठेवण्याची तरतूद व्हावयास हवी.

दिवा मरतो तो कसा, हे एकदा समजून घेतले की चाचणीचे महत्त्व आपोआप पटते. या दिव्यांत बहुधा शिशाची बंद बॅटरी असते. तिचे आयुष्य साधारणपणे तीन ते पाच वर्षे. उष्णता ही तिची मोठी वैरीण. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांस तिचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा ठोकताळा आहे. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली, माथ्याशी टांगलेल्या दिव्याची काय गत होत असेल ते यावरून ओळखावे. दुसरी वैरीण म्हणजे उपासमार. आश्रमशाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद होते, जाताना कोणीतरी सद्भावनेने मुख्य बटण बंद करते. दिवे ‘वीज गेली’ असे समजून पेटतात, तासा-दोन तासांत बॅटरी रिती होते, आणि मग पाच-सहा आठवडे ती तशीच रिकामी पडून राहते. रित्या अवस्थेत पडलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर गंधकाम्लाचे कठीण क्षार धरतात. त्यानंतर ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. जूनमध्ये शाळा उघडते, वीज चालू होते, हिरवा ठिपका लागतो आणि सर्वांचे समाधान होते. वास्तविक तो ठिपका एवढेच सांगतो की भरण्याची वीज दिव्यापर्यंत पोहोचत आहे. आत काही साठते आहे की नाही, हे तो सांगत नाही. सुटीत मुख्य बटण बंद करणे अपरिहार्य असेल, तर दिव्याचे स्वतःचे बटण आधी बंद करून, शक्य तर महिन्यातून एकदा तो दिवसभर भरून घ्यावा.

याखेरीज बारीकसारीक कारणे पुष्कळ. दिव्याची पिन काढून त्या जागी मोबाईल भरावयास लावलेला असतो. तार उंदराने कुरतडलेली असते. दिव्याच्या फटीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. जेथे दिवा सौर पट्टीवर चालतो तेथे पट्टी बसविताना जे लिंबाचे झाड हातभर होते, ते आता पट्टीवर सावली धरून असते. पाण्याच्या मोठ्या बॅटरीवर इन्व्हर्टर चालत असेल तर तिच्यातील पाणी पातळीखाली गेलेले असते, टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचलेला असतो. ट्रॅक्टर असलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास यावरचा उपाय ठाऊक आहे. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके पुसून कोरडी करावीत, व्हॅसलीन लावावे, पाणी केवळ बाटलीतले शुद्ध (डिस्टिल्ड) घालावे, विहिरीचे कदापि घालू नये. या कामासाठी नांदेडहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

चाचणीचे बटण दाबून क्षणभर दिवा लागला म्हणजे परीक्षा झाली, असे बऱ्याच ठिकाणी मानले जाते. हा गैरसमज आहे. जुनी बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी असते. गोठ्यात उभी असता धडधाकट दिसते, खांद्यावर जू पडले की चार तासांत बसते. १२ व्होल्टची बॅटरी मापकावर साडेबारा व्होल्ट दाखवील आणि दिवा जोडल्यावर दहा मिनिटांत मालवेल, असेही घडते. म्हणून दोन परीक्षा हव्यात. एक दर महिन्याची, थोडक्या वेळाची. तीत दिवा आपोआप लागतो की नाही एवढे पाहावयाचे. दुसरी वर्षातून एकदा, पुऱ्या वेळाची. अमेरिकेतील नियमांत दर महिन्यास तीस सेकंदांची आणि दर वर्षी दीड तासाची चाचणी सांगितली आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही संकटकालीन दिवा लहानात लहान इमारतीत किमान दीड तास चालला पाहिजे असे म्हटले आहे. दीड तास ही मर्यादा किनवटसारख्या ठिकाणी तोकडीच म्हणावी लागेल. पण निदान तेवढी तरी सिद्ध व्हावी.

महिन्याची चाचणी कोणत्या दिवशी करावी? सरकारी पद्धतीप्रमाणे एखादी तारीख ठरविता येईल, आणि जेथे ती पाळली जाते तेथे बदलण्याचे कारण नाही. परंतु गावासाठी अमावास्या अधिक सोयीची आहे. ती कोणास शोधावी लागत नाही, आणि त्या रात्री चांदणे नसल्याने दिव्याची खोटी फुशारकी चालत नाही. पौर्णिमेच्या रात्री खिडकीतून येणाऱ्या उजेडातच जिना दिसतो आणि दिवा पास होऊन जातो. शिवाय आषाढातील अमावास्या ही महाराष्ट्रात दिव्यांचीच आहे. दिव्याची अवस म्हणून त्या दिवशी घरोघर समया, निरांजने, कंदील घासूनपुसून पाटावर मांडले जातात. पेरणीची घाई तोवर सरलेली असते, माणसे गावात असतात. वर्षाची मोठी चाचणी त्या सायंकाळी ठेवावी. गावाच्या इमारतीतील दिवाही त्या पाटावर मांडण्याच्या योग्यतेचा आहे. आश्रमशाळांना मात्र आषाढापर्यंत थांबून चालणार नाही. तेथे पुऱ्या वेळाची चाचणी मुले परत येण्यापूर्वी, जूनच्या आरंभीच व्हावयास हवी.

चाचणी करताना एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. दीड तास पेटून रिती झालेली बॅटरी पुन्हा भरावयास बारा ते चोवीस तास लागतात. सर्वच दिवे एका रात्री तपासले आणि मध्यरात्री खरोखरच वीज गेली, तर चाचणीमुळेच इमारत अंधारात पडेल. म्हणून निम्मे दिवे एका अमावास्येस, उरलेले पुढच्या अमावास्येस, असा क्रम ठेवावा. आणि एका जिन्यावर दोन दिवे असतील तर दोन्ही एकाच रात्री रिते करू नयेत. आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून मुख्य बटणास हात लावू नये. प्रसूतिकक्षात रुग्ण नसेल तेव्हाच त्या कक्षाची पाळी यावी. वसतिगृहात मात्र मुलांना आधी सांगून, त्यांच्यासमक्ष वीज बंद करावी आणि केवळ संकटकालीन दिव्यांच्या उजेडात त्यांना खाटेपासून मैदानापर्यंत चालवून आणावे. दिवा चुकीच्या जागी आहे, मागच्या दरवाजास कुलूप आहे आणि किल्ली अधीक्षकांच्या घरी आहे, हे त्या चालण्यातच उघडकीस येते. पुष्कळ ठिकाणी एकुलता एक चालू दिवा मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतो आणि जिन्याचे वळण रिते असते. तो उलट व्हावयास पाहिजे.

प्रत्येक दिव्यावर रंगाने क्रमांक घालावा आणि एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, दिव्याचा क्रमांक, लागला की नाही, किती वेळ टिकला आणि पाहणाऱ्याची सही, एवढे असले की पुरे. मार्गशीर्षात दीड तास टिकणारा दिवा ज्येष्ठात चाळीस मिनिटांवर आला, हे वहीवाचून कोणाच्याही ध्यानात राहणार नाही. वहीचा मालक एकच असावा, आणि तो पदाने नव्हे तर नावाने ठरलेला असावा. वसतिगृहात अधीक्षक, आरोग्य केंद्रात एक ठराविक परिचर, पंचायतीत शिपाई वा पाणीपुरवठा पाहणारा कर्मचारी. बदली झाली तर कार्यभाराबरोबर वहीही हाती द्यावी.

या सूचनेस ग्रामसेवकांकडून (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले असले तरी गाव अजून जुन्याच नावाने हाक मारते) एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्यांच्या टेबलावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे. आणखी एक कशास? त्यावर उत्तर एवढेच की ही वही वरिष्ठांकडे पाठविण्यासाठी नाही. तिचा मासिक अहवाल मागितला गेला की ती घरी बसून भरली जाईल, आणि मग ती नसलेली बरी. महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांच्या २००६ च्या अधिनियमानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक अभिकरणाकडून अग्निसुरक्षेच्या साधनांच्या सुस्थितीचे प्रमाणपत्र घेऊन सादर करावयाचे असते. तो कायद्याचा भाग आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु वर्षातून दोनदा येणारा परका माणूस मधल्या महिन्यांतील उंदीर पाहू शकत नाही.

खर्चाचे म्हणाल तर तो दिव्यामागे एका छोट्या बॅटरीचा, तोही तीन-चार वर्षांतून एकदा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘सार्वजनिक इमारतींच्या दिव्यांची देखभाल’ अशी एक ओळ घातल्यास तो सहज भागेल. आरोग्य केंद्रास रुग्ण कल्याण समिती आहे, शाळेस व्यवस्थापन समिती आहे. त्यांच्या बैठकीत दिव्यांच्या वहीचे शेवटचे पान वाचून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. मृत बॅटरी उकिरड्यावर वा शेताच्या कडेस टाकू नये. तिच्यातील शिसे व आम्ल माती नासवितात, आणि विक्रेता जुन्या बॅटरीचे पैसे वजा करून नवी देतो. ती रक्कम देयकावर दाखवून घ्यावी.

दिव्याची अवस बहुधा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वीच येते. त्या सभेत पहिल्या चाचणीचा निकाल गावापुढे ठेवता येईल. पहिल्या वर्षी निम्मे दिवे नापास निघाले तरी त्यात कोणास कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मात्र कोणते नापास निघाले त्यांचे क्रमांक वाचले जावेत आणि पुढच्या अमावास्येपर्यंत त्यांच्या बॅटऱ्या कोण आणणार त्याचे नाव त्याच सभेत लिहून घ्यावे.